तारेवरचं झाकण

आमच्या गावाच्या नव्या समाजमंदिराच्या भिंतीवर गावाचा इतिहास रंगवून घ्यायचं ठरलं, तेव्हा मजकूर तयार करायचं काम माझ्याकडे आलं. कारण साधं होतं. मी याद्या करते. सोलापुरात एका दवाखान्याचं औषधभांडार मी गेली पंचवीस वर्षं सांभाळते आहे. कुठल्या फळीवर काय आहे, कशाची मुदत कधी संपते, काय मागवायचं आणि काय परत पाठवायचं, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असतं. घरी स्वयंपाकघरात एक यादी असते, पर्समध्ये दुसरी. माझी मुलगी म्हणते, आई, तू एक दिवस याद्यांचीही यादी करशील. ती मी केलेली आहे.

गावच्या सरपंच माझ्या चुलत भावाच्या पत्नी. त्यांचा फोन आला.

"वन्सं, पुलाचं उद्घाटन पुढच्या महिन्यात हाय. त्याच्या आत भिंत रंगवून व्हायला पायजे. पेंटर ठरलाय. मंद्रूपचा हाय, अक्षर लई झ्याक काढतो. पर त्याला काय लिवायचं ते तुमी द्या."

"किती ओळी हव्यात?"

"ते काय मी मोजलं न्हाय. भिंतभर."

"भिंत किती फूट आहे?"

वहिनी हसल्या. "बगा, म्हणूनच तुमाला सांगितलं."

आमचं गाव म्हणजे एक बेट आहे. ते पहिल्यापासून बेट नव्हतं. धरण झालं तेव्हा भीमेचं पाणी मागे सरकत आलं आणि नदीकाठचं जुनं गाव त्याखाली गेलं. निम्मी घरं सरकारनं दिलेल्या नव्या जागेवर गेली. बाकीची गावामागच्या उंच माळावर चढली, कारण तिथून आपली जमीन निदान दिसत होती. माळाच्या तीन बाजूंना पाणी होतंच. चौथ्या बाजूची वाट पुढच्या दोन पावसाळ्यांत गेली. त्यानंतर शाळा, बाजार, दवाखाना, एसटी, सगळं पलीकडच्या काठावर आणि आम्ही अलीकडे. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे जुनं गाव मला आठवत नाही. मला आठवतं ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येणारं गाव: वेशीचे दोन दगडी खांब, चावडीची भिंत, पाण्यात मेलेल्या झाडांचे बुंधे. मोकळ्या झालेल्या गाळात आम्ही कलिंगडं लावायचो आणि ती पाटीत भरून होडीनं पलीकडे न्यायचो.

यादी करायला मी तीन रविवार गावात गेले. पंचायतीच्या जुन्या वह्या काढून घेतल्या आणि म्हाताऱ्या माणसांना विचारलं. बारा नोंदी झाल्या. पाणी आलं ते वर्ष. पहिली होडी. माळावरच्या शाळेचा पहिला वर्ग, जो एका गोठ्यात भरला आणि जिथले गुरुजी चप्पल हातात घेऊन रोज होडीतून उतरायचे. होडीतच झालेलं एक बाळंतपण, ज्यातली मुलगी आज स्वतः आजी आहे आणि अजूनही तिला सगळे पाण्याची म्हणतात. पाण्यातून खांब उभे करून वीज आली तो दिवस. दुष्काळाचं वर्ष, जेव्हा लोक चालत पलीकडे गेले आणि येताना आपापल्या जुन्या घरांचे उंबरे बघून आले. पुराचं वर्ष. हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी बघायला शहरातून पहिल्यांदा पाहुणे आले ते वर्ष. आणि शेवटी पूल.

हे सगळं लिहिताना मला फार बरं वाटत होतं. एवढ्याशा माळावर एवढी माणसं एकमेकांच्या आधारानं राहिली, त्यात मी वाढले, आणि ते लिहायची पाळी माझ्यावर आली. माझं काम अडलं ते सातव्या नोंदीवर.

पंचायतीच्या वहीत ती अशी आहे: नावाड्याच्या हलगर्जीपणामुळे गावची होडी वेशीवर आपटून फुटली.

ही नोंद खोटी आहे. हे जगात दोघांनाच माहीत होतं. एक ते नावाडी, आणि दुसरी मी. नावाडी आज ऐंशीच्या पुढे आहेत. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणते. वहीतली नोंद इतकी वर्षं कपाटात पडून होती, ती कुणी वाचत नव्हतं. भिंतीवर रंगली की मामा रोज सकाळी समाजमंदिराच्या पायरीवर बसायला येतील आणि ती त्यांच्या पाठीमागे असेल. त्यांच्यानंतरही असेल. त्या काळात गावाला नावाडी एकच होता, त्यामुळे नाव लिहायचीही गरज नव्हती.

नोंद गाळून टाकता आली असती. पण होडी फुटली त्या वर्षी गाव सबंध पावसाळा होडीवाचून राहिलं होतं. ते गाळलं असतं तर पहिल्याच म्हातारीनं विचारलं असतं, आणि मग भिंतीवर नसलेलं तोंडी सांगितलं गेलं असतं, नेहमीसारखंच.

काय घडलं ते सांगायचं तर आधी तारेचं सांगायला हवं.

आमच्या उतारावर, म्हणजे होडी लागते त्या जागी, दोन खांब रोवलेले आहेत आणि त्यांच्यामध्ये एक तार ओढलेली आहे. होडी सुरू झाली त्या पहिल्या वर्षी एक म्हातारी पलीकडच्या काठावर राहून गेली. ती हाका मारून दमली आणि अलीकडे प्रत्येकाला वाटलं ती दुसऱ्याच्या घरी असेल. त्यानंतर मामांनीच ही तार ओढली. होडीनं जाणाऱ्या प्रत्येकाची एक खूण असायची. कुणाची बैलाच्या गळ्यातली घंटा, कुणाचा मोडका विळा, एका काकूंची तर दांडा तुटलेली पळी. जाताना खूण तारेवर अडकवायची, आलं की काढून घ्यायची. मामा दिवसाची शेवटची फेरी झाली की तार बघायचे. तार मोकळी असली की सगळं गाव घरी आहे असं समजून होडी बांधायचे. खूण दिसली की पुन्हा वल्ही उचलायचे. नियम एकच होता आणि तो लहान पोरांनाही पाठ होता: दुसऱ्याच्या खुणेला हात लावायचा नाही.

माझी खूण म्हणजे चहाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण, खिळ्यानं भोक पाडलेलं. आठवीला पलीकडच्या हायस्कुलात नाव घातलं त्या दिवशी आईनं ते माझ्या हातात दिलं. गावातून त्या शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच होते. वडील तयार झाले होते, पण एका अटीवर. ते उतारावर सगळ्यांच्या देखत म्हणाले होते, "एक दिस जरी तुज्यापायी होडीचा खोळंबा झाला, तर शाळा बंद. मंग रडायचं न्हाय." वडील बोलले ते करायचे. त्यांनी मला शाळेत घातलं हेही बोलून केलेलं होतं, म्हणून मी त्यांच्यावर कधी रागावू शकले नाही.

नववीची परीक्षा संपली तो दिवस. शेवटचा पेपर दुपारी सुटला. मी पलीकडच्या काठावर आले तर होडी अलीकडे होती. तेवढ्यात चिलापी मासे धरणारं एक जोडपं तराफा घेऊन निघालं होतं. त्यांना माळाच्या मागच्या बाजूला जायचं होतं, तिथून आमचं घर जवळ. बाई म्हणाली, "ये की, बस. उगं उन्हात कशाला थांबतीस?" मी बसले. मागच्या बाजूला उतरले, शेतातून घर गाठलं. आईवडील गाळात कलिंगडं काढत होते. घरात कुणी नव्हतं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाल्ली आणि आडवी झाले. परीक्षेची झोप साचलेली होती.

झाकण उतारावर, तारेवर. मी पुढच्या बाजूनं आलेच नव्हते, तर ते मला आठवणार कुठून?

जाग आली ती छपराच्या पत्र्याच्या आवाजानं. वळवाचा वारा सुटला होता. आकाश मातकट झालं होतं. उताराकडून ओरडा आला, होडी फुटली, होडी फुटली. मी अनवाणी पळाले. उतारावर बरीच माणसं जमली होती आणि सगळी पाण्याकडे तोंड करून उभी होती. लाटांवर फळ्या तरंगत होत्या. माझ्या मागे पत्र्याचा खडखडाट होत होता. वळून बघितलं तर मोकळ्या तारेवर एकच खूण आपटत होती. माझं झाकण.

मला सगळं एका क्षणात कळलं. बाकी सगळ्यांना मामांनी आणून सोडलं होतं. वाऱ्याच्या घाईत जो तो खूण काढून घराकडे पळाला होता. तारेवर एकटं झाकण बघून मामा रिकामी होडी घेऊन निघाले होते. आमचं घर उतारापासून लांब, माळाच्या दुसऱ्या टोकाला. पण लांब नसतं तरी ते विचारायला आले नसते. तार सांगते आहे की पोरगी पलीकडे आहे, मग विचारायचं काय? आमच्या गावात असंच होतं.

कुणीतरी ओरडलं, "त्यो बगा, पवून गेला पलीकडं!" दूरच्या काठावर मामा उभे होते, एवढेसे. मग ते चालायला लागले. काठानं वर गेले, परत खाली आले. झुडपांपाशी वाकले. हात तोंडाशी नेऊन हाक मारत होते, ती वाऱ्यानं आमच्यापर्यंत येत नव्हती.

"काय हुडकतोय त्यो?" माझ्या शेजारचा माणूस म्हणाला.

"वल्ही हुडकत आसंल."

ते मला शोधत होते. मी तिथेच, माणसांच्या मागे उभी होते. मी हात वर करून झाकण तारेवरून काढलं आणि परकरात लपवलं. कुणी बघितलं नाही. मी चौदा वर्षांची होते आणि माझ्या डोक्यात वडिलांचं एकच वाक्य होतं.

वारा पडल्यावर त्या तराफावाल्या जोडप्यानं मामांना अलीकडे आणलं. ऊन अजून होतं. कपडे अंगाला चिकटलेले, कोपरातून रक्त. त्यांनी उतारावर पाय ठेवला आणि सगळ्यात आधी तारेकडे बघितलं. तार मोकळी होती. मग त्यांनी माणसांकडे बघितलं, एकेकाकडे, आणि त्यांची नजर माझ्यावर येऊन थांबली. त्यांनी मोठा श्वास सोडला. तेवढ्यापुरता त्यांचा चेहरा अगदी हलका झाला होता. ते मी अजून विसरलेले नाही.

गावचे एक पंच पुढे आले. "तार मोकळी हाय. आसल्या वाऱ्यात कशाला गेलतास?"

मामा कोपराचं रक्त पुसत राहिले.

"आरं, इचारतोय मी. समदी मान्सं घरात, आन् तू होडी घिऊन कुटं चाललावतास? पिऊन हायस का?"

"गेलो," मामा म्हणाले. "चुकलं माजं."

एवढंच. दोन दिवसांनी पंचायत बसली आणि वहीत ती ओळ लिहिली गेली. पावसाळा संपल्यावर नवी होडी आली, ती दुसऱ्याच्या हाती दिली. मामा लोकांच्या कलिंगडांची राखण करू लागले, जाळी विणू लागले. पण दिवसाची शेवटची फेरी झाली की तारेकडे एकदा बघून जायचे. ते त्यांचं काम राहिलं नव्हतं, तरी.

माझी शाळा चालू राहिली. दहावी-बारावी झाली, सोलापुरात औषधनिर्माणशास्त्राची पदविका झाली, नोकरी लागली. या प्रत्येक वेळी मी मामांना भेटले आणि प्रत्येक वेळी त्यांनी मला एकच विचारलं, अगदी हसत, "खूण काढलीस का गं?" लोकांना वाटायचं ही त्यांची जुनी थट्टा आहे. नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन गेले. ठरवून गेले होते की आज बोलायचं. "मामा, त्या दिवशी होडी..." एवढं म्हणाले तर ते पेढा तोंडात टाकून म्हणाले, "ताजा हाय. सोलापूरचा का?" पुढे मला बोलता आलं नाही. मी व्यवहारी बाई आहे, कुठलंही काम उद्यावर टाकत नाही. हे एक टाकलं, आणि तीस वर्षांहून जास्त टाकलं.

म्हणून चौथ्या रविवारी मी कागद घेऊन सरळ उतारावर गेले. सकाळची वेळ होती. मामा तारेच्या खांबाला टेकून जाळं दुरुस्त करत बसले होते. तार अजून आहे, पण तिच्यावर आता कुणी काही अडकवत नाही. पुलावरून मोटारसायकली जायला लागल्या आहेत.

"खूण काढलीस का गं?"

"मामा, आज त्याच्यासाठीच आलेय." मी त्यांच्यासमोर दगडावर बसले. "भिंतीवर लिहायचंय ते तुम्हाला वाचून दाखवते. सातवी नोंद."

मी वहीतली ओळ जशीच्या तशी वाचली. मामांचे हात थांबले.

"खोटं हाय."

"मला माहीत आहे. म्हणूनच मी..."

"तुला काय म्हाईत? तू घरात व्हतीस." त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मी त्यांना असं चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "होडी वेशीवर आपटली न्हाय. वेस मी बराबर डाव्या हाताला ठिवली व्हती. वाऱ्यानं हातातलं वल्हं काडून न्हेलं, होडी आडवी झाली, आन् चिंचंच्या बुंद्यावर गेली. चिंच! वेशीपास्नं चांगली लांब. वेशीवर तर आंधळाबी घालणार न्हाय."

मी कागद मांडीवर ठेवला.

"पिऊन व्हता म्हन्ले, म्हनू दे. त्या वक्ताला कोन पीत न्हवतं? पर वेशीवर घातली म्हन्ले. जल्मभर हितं होडी हाकली म्या, आन् वेशीवर घातली म्हन्ले." ते पाण्याकडे बघत होते. "ते लागलं बग."

मी पेन काढलं आणि कागदाच्या कडेला लिहिलं: वेस नाही, चिंच. मग विचारलं, "मग तेव्हा बोलला का नाही? माझी शाळा बंद होऊ नये म्हणून?"

"तुजा बा लई कडक. शाळा बंद केलीच आसती त्यानं."

"म्हणजे माझ्यासाठी."

"तुज्यासाठी अर्दं," मामा म्हणाले.

"आणि अर्धं?"

त्यांनी डोक्यावरच्या तारेकडे बोट केलं. "हिच्यासाठी. म्या सांगितलं आसतं, तारंवर खूण व्हती पर पोरगी घरात व्हती, तर दुसऱ्या दिवशीपास्नं काय झालं आसतं? जो तो म्हन्ला आसता, तार खोटं सांगती, आदी घरला जाऊन बगून या. वाऱ्यात घरला जाऊन बगाया टायम आस्तो व्हय? मंग कुनीतरी खरंच पलीकडं ऱ्हायलं आसतं. होडी काय, एक गेली, दुसरी आली. तारंवरचा इस्वास कुटनं आनला आसता?"

मी इतकी वर्षं समजत होते की त्या माणसानं माझ्यासाठी आपलं नाव घालवलं. ते ओझं मी मनात नीट घडी घालून ठेवलं होतं. आता कळलं की मी त्यात अर्धीच होते. गंमत अशी की त्यामुळे माझी कृतज्ञता अर्धी झाली नाही, दुप्पट झाली. कारण दुसऱ्या अर्ध्यातही मी होतेच. पुढची तीन वर्षं मी रोज त्याच तारेच्या भरवशावर शाळा-कॉलेजला जात होते. वाऱ्यापावसात कधी उशीर झाला तरी काठावर एकटं बसून मला भीती वाटली नाही, कारण तारेवर झाकण आहे, म्हणजे होडी येणार. आणि ती आली. माझ्या भांडारात फळीवर एक चिठ्ठी असते आणि खोक्यात दुसरंच निघालं, तर त्यानंतर महिनाभर कुणी चिठ्ठ्या वाचत नाही, प्रत्येक खोकं फोडून बघतात. मामा काय सांगत होते ते मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.

"मग आता लिहू का? खरं ते?"

त्यांनी जाळं परत मांडीवर घेतलं. "आता पूल झाला. तारंला कोन बगतंय? लिव की. पर चिंच लिव."

त्याच दुपारी समाजमंदिरात मजकूर वाचायचा होता. वहिनींनी सगळ्यांना बोलावलं होतं. मंद्रूपचा पेंटर भिंतीवर खडूच्या ओळी आखून शिडीवर बसला होता. मामा पहिल्या पायरीवर. त्या वेळचे पंचही आले होते, आता काठी टेकत चालतात. मी सहा नोंदी वाचल्या. लोक मध्येच आपापली भर घालत होते. सातवी वाचताना माझा आवाज जरा चढला असावा, कारण सगळे वळून माझ्याकडे बघू लागले.

"वळवाच्या वाऱ्यात गावची होडी जुन्या चिंचेच्या बुंध्यावर फुटली. पलीकडे एक मुलगी राहिली आहे असं तार सांगत होती, म्हणून नावाडी एकटे तिला आणायला गेले होते. मुलगी घरी होती. तिनं खूण काढली नव्हती."

मी कागद खाली केला. "ती मुलगी मी. आणि गर्दीच्या मागे उभं राहून झाकण काढून घेतलं तेही मीच."

मग तुटक्या पळीवाल्या काकू, ज्यांना या वयातही माझ्यापेक्षा चांगलं ऐकू येतं असं सगळे म्हणतात, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हंजी तू व्हतीस व्हय गं! आन् आमी ह्या मान्साला पिदाडा, पिदाडा म्हनून..." त्या मामांकडे वळल्या. "तुमाला त्वांड न्हवतं व्हय?"

"तुमी बोलू दिलं तर ना," मामा म्हणाले.

सगळे हसले. पंच काठीवर जोर देऊन उठले. "वहीत म्याच सांगून लिवून घेतलं व्हतं. चिंच म्हाईत व्हती मला. वेस लिवली, कारन लोकास्नी वेस म्हाईत." त्यांनी घसा खाकरला. "माजंबी चुकलं. त्येबी लिवा."

"नगं," मामा म्हणाले. "समद्यांचं लिवत बसलास तर भिंत पुरायची न्हाय."

पेंटर शिडीवरून म्हणाला, "ताई, सात नंबर एका ओळीचा होता, आता चार झाल्या. अक्षर बारीक काढावं लागेल."

"बारीक नको. आठवी कमी करा," मी म्हणाले. आठवी विजेच्या खांबांची होती, लांबलचक.

"करा, करा," वहिनी म्हणाल्या. "लाईट तशीबी जातीच."

वडील आज नाहीत. ते असते तर काय म्हणाले असते याचा मी त्या दिवशी बराच विचार केला. बोलेल ते करणारा माणूस, त्यांनी कदाचित पन्नाशीतल्या मुलीलाही चार शब्द सुनावले असते. पण मग तेच उठून मामांच्या शेजारी पायरीवर जाऊन बसले असते. एवढं मला त्यांचं माहीत आहे.

चार वाजता पलीकडून एसटी होती. पूल चालून दहा मिनिटांचा, म्हणून मी वेळेत निघाले. मामा परत उतारावर जाऊन बसले होते. मी पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच कामाचं बोलले.

"जातीस का?"

"हो. उद्या ड्यूटी आहे."

"मंग खूण लाव."

झाकण माझ्या पर्समध्येच होतं. इतकी वर्षं ते भांडाराच्या खणात, टाचण्यांच्या डबीखाली असायचं, त्या दिवशी मुद्दाम बरोबर आणलं होतं. त्यावरचं चहाच्या पानांचं चित्र केव्हाच गेलं आहे, भोक मात्र तसंच आहे. मी हात वर करून ते तारेवर अडकवलं. वाऱ्यावर ते एकदा खांबाला लागून वाजलं.

"काडाया इसरू नगंस," मामा म्हणाले. "आता मला पवाया व्हत न्हाय."

"मामा, आता पूल आहे."

"पूल हाय म्हनून काय झालं? सांजच्याला म्या तार बगतोच."

एसटीत बसल्यावर मी यादी काढली. पेंटरला मजकुराची स्वच्छ प्रत पाठवणे. चिंच शब्द तपासून घेणे. त्याच्याखाली लिहिलं: येता रविवार, झाकण काढणे. आणि ठळक दिसावं म्हणून खाली दोन रेघा मारल्या.